कारेगावची जोडी

बापू, ये. असा जवळ बस. दाराजवळच्या स्टुलावर टेकून "आक्का, माझी गाडी हाय, निघतो" असलं काही आज चालायचं नाही. तुझी ही सवय मला कधीच आवडली नाही. यायचं ते न सांगता, जायचं ते चहा अर्धा ठेवून. आणि या खेपेला तर तू कहर केलास. मोठी बहीण अजून मागं, आणि हा पठ्ठ्या पुढं निघून गेला! लहानपणी मेंढरांच्या पुढं पळायचास तेव्हा आबा ओरडायचे, "आरं, मेंढरं मागनं हाकायची असत्यात." तेव्हाही ऐकलं नाहीस. आता कान कुणाचा धरू?

महिना होत आला. दौंडला तुझ्या ओट्यावर माणसं येतात, मंदाजवळ बसतात, कारखान्याच्या वजनकाट्यावर तू किती वर्षं होतास ते बोलतात, हाताला गुण होता म्हणतात. मी ऐकते. खरं आहे ते. पण त्यातला तू मला ओळखू येत नाही. मला आठवतोस तो वेगळाच. चौफुल्याच्या स्टँडवर उभा राहून, बगलेत मदरबोर्ड धरून, "आक्का, लागली जोडी!" असं ओरडणारा. बायका वळून बघायच्या. त्यांना वाटायचं, घरात कुणाचं तरी लग्न जमलं.

मंदा म्हणाली, "वन्सं, मनात काय हाय ते लिहून काढा, न्हाईतर आजारी पडाल." माझं शिक्षण सातवी. पण शिरूरच्या कचेरीजवळ बसून इतकी वर्षं लोकांचे अर्ज लिहिते, तेव्हा तुला एक कागद लिहायला कुणाला विचारायचं?

तुझे दाजी गेले आणि त्यांचा शिलाईचा गाळा बंद पडला, ती दिवाळी आठव. मी कुलूप उघडून आत जायचे, मशीन पुसायचे, परत कुलूप लावायचे. भाऊबीजेला तू आलास. मी पाट मांडला, ओवाळलं, आणि तू ताटात एक चौकोनी खोकं ठेवलंस. मला वाटलं साडी. उघडून बघते तर हिरवी पाटी, तिच्यावर बारक्या बारक्या टाक्या, मधोमध पंखा.

"ह्ये काय रं?"

"ओवाळणी."

"ह्ये नेसू का?"

"आधी ते निरांजन लांब घे आक्का, तूप सांडलं तर ओवाळणी इथंच खलास!"

मंदा हसून हसून भिंतीला टेकली. तू मात्र गंभीर. म्हणालास, कचेरीत येणाऱ्या माणसाला टाइप करून पाहिजे, झेरॉक्स पाहिजे, उद्या सातबारासुद्धा यंत्रावरच निघणार. दाजींची शिलाई मशीन पायानं चालायची, ही डोक्यानं चालते, एवढाच फरक. मी म्हटलं, माझं डोकं चालत नाही म्हणून तर मला शाळेतनं काढलं. तू म्हणालास, "तुला शाळेतनं काढलं ते मला सांभाळायला काढलं. आता मी फेडतो." एवढं बोललास आणि लगेच स्क्रू ड्रायव्हर मागितलास. मलाही रडायला वेळ मिळाला नाही.

प्रोसेसर बसवायला तूच शिकवलंस. ती पोस्टाच्या तिकिटाएवढी वस्तू, कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण. तो त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडून द्यायचा, दाबायचा नाही. मी दाबला. तू माझा हात धरलास. "भाकरी थापतीस व्हय?" मग ती पेस्ट. हरभऱ्याएवढी लावायची असते, मी चुन्यासारखी सारवली. तू कपाळाला हात लावलास. पण पुसून घेतलंस आणि पुन्हा माझ्याच हातात दिलंस. स्वतः करून टाकलं असतंस तर पाच मिनिटांचं काम. तुझा सगळा दिवस गेला. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. भावाचे कुणी आभार मानतं का, असं वाटायचं. मानायला पाहिजे होते.

जोडी हा शब्दही तुझाच. दुकानदार कॉम्बो म्हणतात. तू म्हणायचास, प्रोसेसर एकीकडून आणि बोर्ड दुसरीकडून आणला की दोघांचं जमत नाही. एकाची बैठक दुसऱ्याला होत नाही, मग माणूस दोन्ही घेऊन रडत बसतो. त्यापेक्षा नांदती जोडी घ्यायची. जी आधी कुठंतरी एकत्र राबलेली आहे, ती आपल्याकडंही राबेल. कुठलं ऑफिस नवीन यंत्रं घेतंय, कुठली शाळा जुनी काढतेय, रांजणगावच्या कंपनीतलं कोण बदली होऊन जातंय, याचा वास तुला आधी यायचा. आबांना पाऊस कुठं पडलाय, चारा कुठं उगवलाय ते कळायचं ना, तसं.

आणि भाव करायची तुझी तऱ्हा! आपल्या आबांनी बाजारात मेंढा विकताना घोंगड्याखाली हात घालून बोटांनी भाव केला. तोंडानं एक शब्द नाही, बघणाऱ्याला काही कळायचं नाही. ते तू माझ्यावर चालवलंस. पाटसकडच्या त्या शाळेची जुनी यंत्रं काढली होती, तेव्हाचं आठवतं? हेडमास्तर टेबलापलीकडं, आपण दोघं अलीकडं. तू बोर्ड उचललास, उजेडाला धरलास, त्या टाक्या फुगल्यात का बघितलंस, पिना वाकल्यात का बघितलंस, नाकाजवळ नेऊन जळका वास येतो का बघितलंस. हेडमास्तर म्हणाले, "आहो, वास काय घेताय, भाजी आहे का ती?"

तू म्हणालास, "सर, भाजी असती तर चावून बघितली असती."

आणि इकडं टेबलाखाली माझ्या पिशवीआड तुझी बोटं. तीन बोटं दाबलीस, मग एक अर्धं. म्हणजे एवढ्यापर्यंत जा, पुढं जाऊ नको. मी भाव बोलत होते, तू माझ्यावरच ओरडत होतास, "आक्का, येवढं कशाला देतीस, चल उठ!" हेडमास्तरांना वाटलं बाई भोळी आहे, भाऊ खडूस आहे, बाईशीच बोलावं. चार जोड्या मिळाल्या. बाहेर आल्यावर त्यांच्या शिपायाकडं सहावीच्या वर्गासाठी एक यंत्र दुरुस्त करून देण्याचा निरोपही ठेवलास, आणि दिलंसही. ते मला नंतर कळलं. असली कामं तू कधी सांगायचा नाहीस.

येताना पावसाळी हवा होती. मी त्यातला एक बोर्ड प्रेमानं आबांच्या घोंगडीत गुंडाळला. किती जपून गुंडाळला होता! तू एसटीत बघितलंस आणि सीटवरनं उडालास. "आगं बये, लोकरीत? लोकरीची वीज बसून मरंल ती!" कंडक्टर विचारायला आला, कोण मरतंय. मी म्हटलं, "आमची म्हातारी." तेव्हापासून मी जोडी आणायला निघाले की तू फोनवर विचारायचास, घोंगडी घरी ठेवलीस ना? धनगराच्या पोरीनं लोकरीत गुंडाळून बोर्ड मारायचा, हे तुझ्याकडून मी पन्नास वेळा ऐकलं असेल. बरं, तो बोर्ड मेला नव्हता. पण ते तू कधीच लोकांना सांगितलं नाहीस. गोष्ट बिघडेल म्हणून.

आता जे बोलायचं ते बोलते. इतका वेळ मी त्याच्या भोवतीच फिरतेय, तुलाही कळलं असेल.

दोन वर्षं झाली, तुझा रोज चार वाजता फोन यायचा. "आक्का, चहा घेतोय. वाच बरं, आज काय निघालंय." मग मी मोबाइलवरच्या जुन्या वस्तूंच्या जाहिराती वाचायचे. कुठली जोडी, कुठल्या गावची, फोटोत काय दिसतंय. तू तिकडून विचारायचास. पंख्यावर धूळ किती? टाक्या सरळ हायत का? मागची पट्टी गंजलीय का? मी सांगायचे. तू म्हणायचास, हात गुंतलेत म्हणून तू वाच. कधी म्हणायचास, चष्मा दुसऱ्या खोलीत हाय. कधी म्हणायचास, मोबाइलचा उजेड कमी झालाय.

मला कळलं होतं बापू. मोबाइलचा उजेड कमी झाला नव्हता.

मंदालाही कळलं होतं. ती म्हणायची, डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितलाय, हे ऐकत न्हाईत. पण तुझ्या तोंडावर कुणी बोललं नाही. ज्या माणसानं सगळ्या तालुक्याच्या बारीक पिना बघितल्या, त्याला तुला दिसत नाही असं कसं म्हणायचं? मी वाचत राहिले. तू ऐकत राहिलास. आणि खरं सांगू, मला ते आवडायला लागलं होतं. इतकी वर्षं तू दाखवायचास आणि मी बघायचे. आता मी बघायचे आणि तू माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचास. त्या चार वाजताच्या चहाची मी वाट बघायचे.

म्हणूनच मी कारेगावला एकटी गेले.

दुकानात अर्ज भरायला आलेल्या बाईनं सांगितलं, तिच्या शेजारच्या खोलीतली माणसं गाव सोडून चाललीत, उत्तर प्रदेशात, सगळं विकतायत. पलंग, कूलर, कॉम्प्युटरचं सामान. मी तुला फोन केला नाही. मनात आलं, ही जोडी मी एकटीनं आणायची आणि थेट दौंडला जाऊन तुझ्यासमोर ठेवायची. भाऊबीजेला तू ठेवली होतीस, तशी.

दहा बाय दहाची खोली. गादी गुंडाळून दोरीनं बांधलेली, भांडी पोत्यात. नवऱ्याची कंपनीतली नोकरी सुटली होती. बाईचं नाव सुनीता. तिनं मला त्या गुंडाळलेल्या गादीवर बसवलं आणि शेवटच्या उरलेल्या दोन कपांत चहा केला. तिचा नवरा खोक्यातून जोडी काढून दाखवायला लागला. बोर्ड असा स्वच्छ की तुझ्या नाकालासुद्धा काही सापडलं नसतं. पिना सरळ. प्रोसेसर नव्यातला. आणि भाव ऐकून मी दोनदा विचारलं.

"दीदी, चालू है," सुनीता म्हणाली. "परसों तक चला है. हमारा देवर इसी पे गेम खेलता था."

तुझा नियम मला माहीत होता. पेटलेली बघितल्याशिवाय जोडीला हात लावायचा नाही. पण त्यांची बाकीची पेटी बांधून झाली होती, संध्याकाळची गाडी होती, आणि ती बाई मला फुटक्या कानाचा कप स्वतःकडं ठेवून चांगला कप देत होती. मी घेतली. भाव पाडलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी शिरूरहून निघाले. उसाच्या ट्रॅक्टरमागं आमची एसटी न्हावऱ्यापासून रांगत होती, पाटसजवळ मळीचा वास आला आणि मला वाटलं, आता आलंच. पिशवी मांडीवर. तुझ्या टेबलावर जोडी ठेवली तेव्हा तू पहिला प्रश्न विचारलास, "कुणासंगं गेलीस?"

"एकटी."

"पेटलेली बघितलीस?"

मी पिशवीची घडी घालायला लागले.

तू रॅम लावलीस, वीज दिलीस. पंखा फिरला. पडदा काळाच. काढून परत लावलंस. पंखा फिरतोय, पडदा काळा. दुसरी रॅम. काळा. मग तू प्रोसेसर काढलास आणि भिंगाखाली धरलास. मी म्हटलं, "आण, नंबर मी वाचते."

"मला दिसतंय."

"आरं, आण तरी."

"दिसतंय म्हटलं ना! नेहमीचाच हाय. प्रोसेसरला काय झालं न्हाई. बोर्ड मेलाय. येवढ्या स्वस्तात कोण चांगला देतं? फसवलं तुला."

भिंग तू नंबरावर धरलंच नव्हतंस, बापू. बाजूच्या कोऱ्या धातूवर धरलं होतंस. मी उभी होते तिथून मला दिसत होतं.

मी बोलले नाही. तिथंच माझं चुकलं. तुझी लाज राखायला गेले आणि दुसऱ्याच बाईच्या अब्रूवर पाय दिला. तू म्हणालास, लाव फोन तिला. मी लावला. तू माझ्या हातातून घेतलास आणि आगगाडीत बसलेल्या त्या बाईला म्हणालास, "मरा हुआ माल देते हो? चोरी का है क्या?" तिकडून गाडीचा खडखडाट ऐकू आला. मग ती एवढंच म्हणाली, "दीदी को फोन दीजिए." तू दिलास. मी कानाला लावला आणि नुसता तो खडखडाट ऐकत राहिले. तिनं ठेवून दिला.

मग आपलं भांडण झालं. भांडण तरी कसलं. मी म्हटलं, "मी एकटीनं केलेलं तुला खपत न्हाई." तू म्हणालास, "व्हय, न्हाई खपत. मी मेल्यावर कर काय करायचं ते." मंदानं शेंगोळी केली होती, माझ्यासाठी. ती ताट घेऊन दारापर्यंत आली. मी चपला घातल्या आणि निघाले. जोडी पिशवीत टाकून घेऊन आले ती माळ्यावर फेकली. त्या दिवसापासून चार वाजता फोन नाही. तुझा नाही आणि माझाही नाही. दोन आठवडे. मला वाटायचं, येईल. तुलाही तेच वाटत असणार. आपण दोघं आबांचीच पोरं.

पुढचं मी लिहीत नाही. ते तुला माहीत आहे.

दहाव्याला भीमेच्या काठावर पिंड ठेवला. आणि बापू, ठेवतोय न ठेवतोय तोवर कावळा शिवला. सगळ्यांनी हात जोडले. म्हणाले, तृप्त गेला, मागं काही इच्छा राहिली नाही. मंदानं डोळे पुसले. आणि मला, खोटं कशाला सांगू, मला राग आला. काहीच राहिलं नाही? आपलं भांडण राहिलं नव्हतं? मी दोन आठवडे त्यापायी जळत होते, आणि तुला ते एका घासाएवढंही अडलं नाही? मी घाटाच्या पायरीवर बसून राहिले. एक बाई म्हणाली, बहिणीला फार लागलंय. लागलं होतंच. पण काय लागलं ते तिला कुठून कळणार.

नंतर मंदाला विचारलं, मी गेल्यावर काय म्हणाला? ती म्हणाली, "शेंगोळ्यांचं ताट बघितलं आन् म्हणाले, आक्का उपाशी गेली. मग त्यांनी पण खाल्लं न्हाई." एवढंच. बोर्डाबद्दल काही नाही, कारेगावबद्दल काही नाही.

शिरूरला परत आले, दुकान उघडलं. चार दिवसांनी माळ्यावरची पिशवी काढली. का काढली, सांगता येत नाही. वाटलं असेल, तुझा शेवटचा हात त्या जोडीला लागलाय. प्रोसेसर उजेडाला धरला आणि नंबर वाचला. मोबाइलवर टाकला. तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं, या प्रोसेसरात चित्र दाखवणारा भागच नसतो. पडद्यासाठी वेगळं कार्ड लावावं लागतं. म्हणून तर ही जात स्वस्त मिळते. तू काम शिकलास तेव्हा असलं काही नव्हतं. तुझ्या सगळ्या जोड्या लावल्या की पडद्यावर चित्र यायचं.

दुकानातल्या बंद पडलेल्या एका यंत्रातलं कार्ड काढलं, पुसलं, बसवलं. वीज दिली.

पडदा पेटला.

माझ्यासमोर सातबाराच्या रांगेत सहा माणसं उभी होती. एकजण म्हणाला, "मावशी, काय झालं? सर्व्हर बंद पडला का?" मी म्हटलं, "न्हाई बाबा, चालू झाला." आणि पदर तोंडाला लावला.

आधी आनंद झाला. तुला फोन लावायला हात गेला, सांगायला की हरलास. मग आठवलं. मग त्या बाईचा आवाज आठवला, गाडीच्या खडखडाटातला. तुला सांगता येणार नव्हतं, पण तिला येत होतं.

तीन दिवस तिनं फोन उचलला नाही. नंबर ओळखत असणार. चौथ्या दिवशी उचलला.

"सुनीता, मैं शिरूरवाली दीदी."

"बोलिए."

"वो जोडी… वो बोर्ड चालू है. एकदम अच्छा है. तुमने सच बोला था."

मग म्हणाली, "हमने तो उसी दिन बोला था. कार्ड देवर निकाल के ले गया था. आप पूछतीं तो बता देते."

"हां. मेरे को पूछने को आया नही."

"बुरा लगा था, दीदी. गाड़ी में सब लोग सुन रहे थे. आप हमारे घर बैठके चाय पीके गई थीं."

बोर्डाला कार्ड लावता येतं. या वाक्याला काय लावायचं? मी म्हटलं, माफ कर. माझी हिंदी तुला माहीत आहे, अर्धी मराठी. पण तेवढं तिला कळलं.

मग तिनं विचारलं, "और वो भैया? जिन्होंने डांटा था?"

बापू, खरं तेच सांगायला तोंड उघडलं होतं. भैया गेला, असं सांगणार होते. पण मग तिच्या डोक्यात तू तसाच राहिला असतास. आगगाडीत बसलेल्या बाईला चोर म्हणणारा माणूस, आणि तो मेला. बस. फुकट यंत्र दुरुस्त करणारा तू, माझ्या हातात पुन्हा पुन्हा पेस्ट देणारा तू, तिला कधीच दिसला नसतास.

मी म्हटलं, "भैया ने ही बोला फोन करने को. उसको बहोत खराब लगा. बोला, आक्का, उस बाई को फोन कर, गलती अपनी है."

"ऐसा बोले?"

"हां. ऐसाच बोला."

मग आवाज बदलला तिचा. "इतनी सी बात के लिए कौन फोन करता है दीदी. दिल के अच्छे हैं आपके भैया. हमारा प्रणाम बोलिएगा." आणि मग गावाबद्दल सांगायला लागली. नवऱ्याला तिकडं काम मिळालंय, घरामागं सासऱ्यांची आंब्याची झाडं आहेत, मोठी मोठी. म्हणाली, "आम के टाइम पे आइए. भैया को लेके आइए. उनको बोलिए, सुनीता ने बुलाया है."

मी म्हणून बसले, "आयेंगे. भाई को लेके आयेंगे."

आता बघ माझी पंचाईत. पण मी खोटं बोलले असं मला वाटत नाही. तुला आणखी चार दिवस मिळाले असते तर काय झालं असतं, ते मला पाठ आहे. माफी हा शब्द तू काढला नसतास. चार वाजता फोन केला असतास, जाहिराती ऐकल्या असत्यास, आणि ठेवता ठेवता म्हणाला असतास, "आक्का, त्या कारेगाववालीचा नंबर लाव जरा." मी तुझं तेवढंच बोलणं तुझ्याआधी बोलून टाकलं. थोरल्या बहिणीला तेवढा अधिकार आहे.

प्रणाम मात्र तुझा आहे, तो तुला पोचवायलाच हा कागद. आणि बोलावणंही तुझंच आहे, मी नुसती सोबत. आंब्याला अजून वेळ आहे, रेल्वेचं तिकीट मी काढीन, खिडकीची जागा तुला. पण त्याआधी एकदा शिरूरला येऊन जा. मी दहाला दुकान उघडते, दुपारी गर्दी कमी असते, कचेरीचं जेवण चालू असतं तेव्हा ये. परक्या बाईला शब्द देऊन बसलेय मी, तिच्यापुढं पुन्हा खाली बघायला लावू नकोस. ये बापू. लवकर ये.